फाटकापाशी उभ्या राहिलेल्या मुली

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर आईने माझा उतरलेला आवाज ओळखला, तेव्हा मी रात्रपाळीच्या दमणुकीचे कारण सांगून विषय टाळला. ते खरे नव्हते आणि तेव्हापासून मनाला लागून राहिले आहे, म्हणून आज सुट्टी आहे तर सविस्तर लिहिते.

आमच्या लेबर रूममध्ये सध्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींची पोस्टिंग आहे. प्रत्येकीला स्वतःच्या हातांनी केलेली बाळंतपणे केस बुकात लिहून त्यावर सही घ्यावी लागते. आई, माझ्या वेळी तशी 20 बाळंतपणे भरावी लागत आणि शेवटच्या चारांसाठी मी रात्र-रात्र थांबत असे, तेव्हा तू परळच्या बस स्टॉपपर्यंत डबा घेऊन येत होतीस, ते तुला आठवत असेल. तर त्या दिवशी एका मुलीने सहीसाठी केस बुक माझ्यापुढे ठेवले आणि मी पान उलटायच्या आत ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘सिस्टर, तुम्ही सगळ्या केसेस तिलाच देता. आम्ही फक्त बघतो.’’

मला राग आला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर पक्षपाताचा आरोप कोणी केला नव्हता. परंतु घरी येईपर्यंत राग ओसरला, कारण तिच्या वहीत ओळीमागून ओळ ‘पाहिले’, ‘पाहिले’ असेच होते आणि त्याच तुकडीतल्या दुसऱ्या मुलीची वही जवळजवळ भरत आली होती. दोघींच्याही पानांखाली सही माझीच होती.

ती दुसरी मुलगी हुशार आहे, हात हलका आहे, सांगितलेले एकदाच सांगावे लागते. तीन टेबलांवर तीन बायका कळा देत असतात, डॉक्टर सिझेरियनला गेलेले असतात, अशा वेळी आपण ज्या हातावर विश्वास आहे त्यालाच हाक मारतो. पण तेवढेच कारण होते असे लिहिले तर ते खोटे ठरेल. ती आपल्या संगमेश्वराकडची आहे. तिचे बोलणे कानावर पडले की मला आपली पडवी दिसते. माझ्या तोंडी तिचेच नाव आधी येत होते आणि ते माझ्या ध्यानातही येत नव्हते. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका वॉर्डात असावी असा नियम आहे, परंतु शिक्षिका वर्ग आणि कागदपत्रे यांत अडकली की कोणाला काय शिकायला मिळणार, हे आम्हा स्टाफच्या नजरेवर ठरते. बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या मुलींची तर नावेही आम्हाला ठाऊक नसतात.

बाबा, त्या रात्री मला तुम्ही आठवलात. 1982 च्या गिरणी संपापूर्वी तुम्ही साचेखात्यात मागांवर बदली कामगार होता, कोणी गैरहजर असेल तरच काम मिळे, तेव्हा पहाटेच गिरणीच्या फाटकावर जाऊन उभे राहत होता आणि माणसे निवडणारा जॉबर कोणाकडे बोट दाखवतो याची वाट पाहत होता. तुम्हाला काम येत नव्हते म्हणून परत पाठवत नसत. जॉबर ज्यांना ओळखे, त्यांना आत घेई. रोज आत गेल्यामुळे त्यांचा हात बसे आणि हात बसला म्हणून पुन्हा त्यांनाच बोलावणे येई. तुम्ही डबा न उघडता घरी यायचात आणि आई काही न विचारता तोच डबा दुपारी तुम्हाला वाढायची. त्या फाटकाच्या आतल्या बाजूला मी कधी जाऊन बसले, हे मला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक वही घातली. हजेरी क्रमांकाने नावे लिहिली, ज्या मुलीची वेळ असेल तिलाच केस द्यायची, अडचणीचे बाळंतपण आले तर तिचा नंबर पुढच्या केसला तसाच राहील, असे ठरवले. एक सहकारी म्हणाली की यात पेशंटच्या जिवाशी खेळ होईल. तिची काळजी मला पटते, म्हणून नवख्या मुलीच्या पाठीशी मी स्वतः उभी राहते. पण आज जिला हात लावू दिला नाही, ती उद्या एखाद्या आरोग्य केंद्रात रात्री एकटी असेल, तेव्हा तिच्या पाठीशी कोण उभे राहणार?

काल त्या तक्रार करणाऱ्या मुलीचाच नंबर आला. बाळाचे डोके दिसू लागले तेव्हा तिची बोटे कापत होती, म्हणून मी माझा हात तिच्या हातावर ठेवला आणि डोके झटक्यात बाहेर येऊ न देता धरून कसे ठेवायचे, ते दाबानेच तिला सांगितले. खांदे सुटेपर्यंत माझा हात बाजूला झालेला होता. बाळ रडले, तिने ते आईच्या पोटावर ठेवले, घड्याळाकडे पाहून वेळ मोठ्याने सांगितली. नोंद लिहिताना ‘पाहिले’ हा शब्द सवयीने निम्मा लिहून तिने खोडला. मी त्या खाडाखोडीवरही सही केली.

मी तिची माफी मागितली आहे. संगमेश्वरची मुलगी मात्र थोडी हिरमुसली आहे, तिच्याशी उद्या बोलायचे आहे, आणि ते मला अधिक कठीण वाटते.

बाबा, बदलीवाल्यांची पाळी नेमाने लावणारा एखादा जॉबर तुम्ही पाहिला होता का, आणि तो ती कशी लक्षात ठेवी, हे आईकडून लिहवून कळवा. गुडघ्याचे औषध जेवणानंतरच घ्यावे.

तुमची,
थोरली