कुडाळच्या इलेक्ट्रिशियन दादांना, आमच्या गाडीत चपला काढून आल्याबद्दल

नमस्कार दादा,

मी पुण्याची ताई. पांढरी ट्रॅव्हलर, आत बेड आणि किचन केलेली, मे महिन्यात भर दुपारी तुमच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली होती ना, ती आमची. फोन केला की तुम्ही "हां हां, बरा आसा" म्हणता आणि ठेवून देता, मला पुढचं काही बोलूच देत नाही, म्हणून शेवटी लिहायला बसले. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यांनी ज्यांनी गाडीत घर करून घेतलंय त्यांच्यापर्यंत हे पोचायला हवं. तुमचं नाव आणि पत्ता टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे मला माहितीये.

आधी बाकीच्यांना थोडं सांगते. आमच्या गाडीतला छोटा फ्रीज बारा व्होल्टवर चालतो, मागे वेगळी बॅटरी आहे, वर सोलर आहे. फ्रीजमध्ये दूध-भाजी असते ते सोडा, सासूबाईंचं इन्सुलिन असतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीतच ठेवावं लागतं, जास्त गरम चालत नाही आणि गोठलं तरी फेकून द्यावं लागतं, त्यामुळे कोकणातल्या मे महिन्यात फ्रीज बंद पडणं म्हणजे आमच्यासाठी ट्रिप बंद. आणि तो फ्रीज गेले कित्येक महिने मनात येईल तेव्हा बंद पडत होता. संध्याकाळी लाइट लावले, पाण्याचा पंप सुरू झाला की फ्रीज गप्प. सकाळी परत सुरू.

यासाठी आम्ही कुठे कुठे गेलो ते सांगितलं तर लोकांना खोटं वाटेल. गाडीच्या सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले इंजिनचं विचारा, मागचं घर आमचं काम नाही. ज्यांनी मागचं घर बनवलं ते म्हणाले आमचं फर्निचर आणि फिटिंग एकदम ओके आहे, तुमच्या गाडीच्या करंटचा प्रॉब्लेम असणार. बॅटरीच्या दुकानात मीटर लावला, मान हलवली, नवीन बॅटरी गळ्यात मारली. ती बसवल्यावर आठवडाभर बरं चाललं आणि परत तेच. मग एका फ्रीजवाल्याने हात न लावताच कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं आणि जो आकडा बोलला त्यात घरातला मोठा फ्रीज आला असता. प्रत्येकाने आपापला तुकडा बघितला आणि दुसऱ्याकडे बोट दाखवलं. आणि प्रत्येक ठिकाणी त्यांची पोरं बुटासकट आत. एकाने तर छतावरचा पंखा बघायला सासूबाईंच्या अंथरुणावर बूट घालून उभं राहून काम केलं, गोधडीवर ग्रीसचा अख्खा पंजा उमटला, मी बोलले तर वर "मॅडम, गाडी आहे ही" असं ऐकवलं. ते वाक्य माझ्या अजून डोक्यात बसलंय.

तर फोंडा घाट उतरलो, कणकवली मागे टाकली आणि फ्रीज परत गेला. पेट्रोल पंपावरच्या पोराने तुमचं नाव सांगितलं, "ते रिक्षाचं, ट्रकचं, बोटीचं, सगळ्याचं वायरिंग करतात."

दादा, तुम्ही त्या दिवशी जे काम केलंत त्याबद्दल मी लिहीनच पुढे, पण मला आधी वेगळंच सांगायचंय. तुम्ही गाडीखाली जाऊन आला होतात, पाठीला माती, हात काळे. आता आत बघायला लागेल म्हणालात. आणि मग सरळ दुकानामागच्या नळावर गेलात, साबणाने कोपरापर्यंत हात धुतलेत, पाय धुतलेत, फडक्याला पुसलेत, गाडीच्या पायरीजवळ चपला काढल्यात आणि दारातच थांबलात. आत सासूबाई पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघे दुखतात म्हणून. तुम्ही त्यांना विचारलंत, "आजये, भितुर येव काय?"

दोन सेकंद कोणी काही बोललंच नाही. मग त्या गडबडीने पदर सावरत म्हणाल्या, "ये बाबा ये, बस."

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या आई या गाडीला कधीच घर मानायला तयार नव्हत्या. दरवेळी निघताना "त्या टेंपोत मी किती दिवस राहायचं" असं चालू असायचं, आणि गोधडीवरून ते बूट गेल्यापासून तर त्यांनी आत नीट झोपणंच सोडलं होतं, कोणी कधी चढेल सांगता येत नाही म्हणायच्या. तुम्ही दारात थांबलात आणि परवानगी मागितलीत ती माझ्याकडे नाही, माझ्या नवऱ्याकडे नाही, घरातल्या मोठ्या माणसाकडे. त्या क्षणापासून त्या यजमानीणबाई झाल्या. तुमच्यासाठी सरबत करायला त्यांनी मला उठवलं, कोणता डबा वरच्या कप्प्यात आहे ते सांगितलं, आणि तुम्ही सीट उचलून वायरी बघत होतात तेव्हा टॉर्च त्यांनीच धरला. त्यानंतर एकदाही त्यांच्या तोंडातून टेंपो शब्द आलेला नाही. मी हे कितीही वेळा आठवलं तरी मला भरून येतं. फ्रीज कोणीतरी कधीतरी दुरुस्त केलाच असता, हे दुसरं कोणी केलं नसतं.

आणि तुमच्या घरच्या वहिनींनी इन्सुलिनचा डबा न सांगता आपल्या घरातल्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवला, दारात नको, मधल्या कप्प्यात ठेवते म्हणाल्या, त्यांनाही आभार सांगा.

आता कामाचं. बाकीच्यांनी हे नीट वाचा. आत्तापर्यंत ज्याने ज्याने मीटर लावला त्याने सगळं बंद असताना लावला, आकडा साडेबारा आला, बॅटरी चांगली किंवा बॅटरी खराब, मूड असेल तसं. दादांनी आधी सगळं चालू करायला लावलं. फ्रीज, सगळे लाइट, पंखा, पाण्याचा नळ सोडून पंप. मग बॅटरीच्या टोकांवर मीटर, १२.४. आणि लगेच फ्रीजच्या मागच्या कनेक्शनवर मीटर, तिथे अकराच्याही खाली. म्हणजे दीड व्होल्ट मधल्या रस्त्यातच खाल्ला जात होता, आणि या फ्रीजना व्होल्टेज असं खाली गेलं की ते स्वतःच बंद होतात, त्यात त्यांचा काही दोष नसतो, बॅटरी पार मरू नये म्हणून ती सोयच असते. "बॅटरी बरी आसा तुमची. नळ बंद असताना पाइप किती चोंदलोहा ता कळात काय?" असं तुम्ही म्हणालात ना, ते माझ्या लेकीने वहीत लिहून घेतलंय. करंट वाहत नसेल तर व्होल्टेज पडतच नाही, म्हणून सगळं बंद ठेवून घेतलेला आकडा कायम गोंडस दिसणार.

दोष कुठे होता तर अर्थिंगमध्ये. घर बनवणाऱ्यांनी सगळ्या निगेटिव्ह वायरी एकत्र करून चेसिसला एका बोल्टवर मारल्या होत्या, खालचा रंग न खरवडता, आणि त्याखाली गंज. पुण्यात चाललं कसंबसं, पण आम्ही सारखे समुद्राकडे पळतो. "मिठाचो वारो लोखांड खाता" हे तुमचं वाक्य सगळ्या कोकणप्रेमी कॅम्परवाल्यांनी गाडीवर लिहून ठेवावं. तुम्ही तो बोल्ट काढलात, पॉलिश पेपर मारून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासलंत, नवीन लग, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या, दाबून बसवलेत, फ्रीजला बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढलीत आणि वरून व्हॅसलिन. बस. ना नवीन बॅटरी, ना कॉम्प्रेसर. ज्या गोष्टीसाठी आम्हाला हजारोंचे आकडे ऐकवले गेले ती एका गंजलेल्या बोल्टमध्ये होती आणि ती बघायला कोणीतरी जमिनीवर झोपायला तयार हवं होतं, एवढंच.

त्याच वेळी तुम्हाला दिसलं की बॅटरीच्या प्लसमधून निघणाऱ्या मोठ्या वायरला फ्यूजच नाही. तुम्ही काही बोलला नाहीत आधी, फक्त हात थांबला, मग माझ्या नवऱ्याला बाजूला बोलावून दाखवलंत, आईंना ऐकू जाणार नाही असं. ती वायर चेसिसच्या धारेवर घासत होती, अजून थोडी झिजली असती तर सरळ शॉर्ट, आणि फ्यूज नसल्यावर ती वायर लाल होईपर्यंत थांबत नाही, वर लाकूड आणि गाद्या. आम्ही सगळे त्यावर झोपत होतो. हे ज्यांनी लाखो रुपये घेऊन बनवलं त्यांना झोप कशी लागते मला कळत नाही, खरंच कळत नाही. ज्यांची गाडी बनवून घेतलेली आहे त्यांनी हे पत्र वाचून झाल्यावर आधी जाऊन बॅटरीपाशी वीतभर अंतरात फ्यूज आहे का बघा, आणि वायर पत्र्यातून जाते तिथे रबर आहे का बघा.

गॅसचं पण तसंच. सिलिंडरच्या कप्प्याला खाली जाळी होती ती कोणीतरी मॅट टाकून झाकली होती, आवाज येतो म्हणून. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, त्याला बाहेर जायची वाट खालीच लागते. तुम्ही मॅट कापलीत, साबणाचं पाणी लावून जॉइंट तपासलेत आणि नारंगी पाइपवरची तारीख वाचून म्हणालात पाच वर्षं होत आली, बदला. बदललाय दादा, पुण्यात पोचल्या पोचल्या. आणि स्टेपनीवरचे चार आकडे दाखवलेत, म्हणजे समजा २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. आमच्यासारख्यांच्या गाड्या महिनोनमहिने उभ्या असतात, टायरची नक्षी नव्यासारखी आणि रबर मात्र म्हातारं, ते घाटात फुटतं. हे सगळं तुमचं काम नव्हतं. तुम्हाला फ्रीजचे पैसे मिळणार होते. पण तुम्ही गाडी पूर्ण बघितलीत, इंजिनपासून गॅसपर्यंत, कारण तुमच्या डोक्यात हे माझं आणि ते त्याचं असं काही नव्हतंच.

पैसे तुम्ही घेतलेत, कामाचे जेवढे होतात तेवढे, वायर किती मीटर आणि लग किती ते कागदावर लिहून दिलंत. मला ते फार आवडलं. फुकट काम करणाऱ्या माणसाकडे परत जायला संकोच वाटतो, तुमच्याकडे आम्ही हक्काने येऊ शकतो.

या गाडीने फिरायला लागल्यापासून मला एक जाणवलंय, रस्त्यावरची माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप चांगली आहेत. पाण्याची टाकी भरायला कोणी अंगणातला नळ देतं, देवळाचे पुजारी रात्री आवारात गाडी लावा म्हणतात, तारकर्लीला एका मावशींनी आमची लेक तापली होती तेव्हा पेज करून आणून दिली, ओळख ना पाळख. चकचकीत काचा आणि टोकन नंबर असलेल्या जागी मात्र माणूस दिसायला वेळ लागतो. सगळे तसे नसतात हे मान्य, पण आमच्या वाट्याला जे आले ते तसेच होते आणि मी ते गिळून टाकणार नाही. कौशल्य त्यांच्याकडे पण असेल हो, मशिनं तर तुमच्यापेक्षा भारी. पण समोरच्याच्या घरात आपण उभे आहोत हे ज्याला कळतं त्याचा हात आपोआप नीट चालतो असं मला तुम्हाला बघून वाटलं. रंग न खरवडता बोल्ट मारणारा आणि गोधडीवर बूट ठेवणारा, माझ्या लेखी ही एकाच जातीची माणसं.

तुमच्याकडे जो मुलगा शिकायला आहे, सतरा-अठराचा असेल, त्याने पण तुमचं बघून पायरीपाशी चपला काढल्या होत्या. तुम्ही त्याला सांगितलं नव्हतं, मी बघत होते.

आता थोडा रिपोर्ट देते. फ्रीज तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही. गाडी उभी असली तरी महिन्यातून एकदा चांगला अर्धा तास फिरवून आणतो, नुसतं जागेवर इंजिन चालू ठेवत नाही. पावसाळ्याआधी छतावर सोलरच्या पट्ट्यांभोवतीचं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून मगच नवीन भरलं, जुन्यावर नवीन चिकटत नाही म्हणाला होतात ते अगदी खरं, एका कोपऱ्यात कोणीतरी तसंच थापलेलं होतं ते अख्खं सालासारखं निघून आलं. रात्री सगळे नळ बंद असताना पंप मधूनच सेकंदभर घुर्र करायचा, तुम्ही म्हणालात कुठेतरी थेंब गळतोय नाहीतर पंपाचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारी झडप, गेलाय, तर सिंकखालची क्लिप सैल निघाली, लेकीने टिश्यू पेपर गुंडाळून शोधून काढलं. तिने स्वतःचा मीटर घ्यायला लावलाय आता.

दिवाळीनंतर आम्ही परत खाली उतरतोय. तेव्हा एक बघून द्याल का, सोलरची वायर छतातून आत येते तिथलं भोक, वरून मी भरलंय पण आतल्या प्लायला हात लावला की जरा मऊ लागतं. तोपर्यंत तिथून फ्रीजकडे जाणारी लाइन चालू ठेवू की काढून ठेवू, एवढं मात्र फोन न ठेवता सांगा.

तुमची,
पुण्याची ताई, आणि आजी