ईएनटी वॉर्डातल्या सिस्टर, मनापासून थँक्यू

सिस्टर नमस्कार, टॉन्सिल काढलेल्या त्या सात वर्षांच्या मुलीची आई मी. डिस्चार्जच्या वेळी कॉटपाशी बसून तुम्ही जे नीट समजावलंत ना त्याबद्दल हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण फाइलवर फक्त "मऊ आहार, औषधे वेळेवर" एवढंच होतं.

तुम्ही म्हणालात दुखणं रोज कमी होत जाणार नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उलट वाढेल, आणि अगदी तस्संच झालं. कान दुखतोय म्हणून रडायला लागली तर सासूबाई म्हणाल्या तेल घालू, पण तुम्ही आधीच सांगितलेलं की घशाची कळच कानात जाते, कानाला काही झालेलं नसतं. पॅरासिटॅमॉल वजनाप्रमाणे लिहून दिलंय तेवढंच, पण घड्याळ लावून, सुरुवातीला रात्री उठवूनसुद्धा द्यायचं, रडेपर्यंत थांबायचं नाही, कारण दुखायला लागलं की पोर पाणीच गिळत नाही, घसा कोरडा पडतो आणि मग अजूनच दुखतं. डोसनंतर अर्ध्या तासाने खायला द्यायचं हे तर लाखमोलाचं, तेवढ्या वेळात गार दूध, पेज, गुरगुट्या भात सगळं पोटात जायचं. घशात पांढरे चट्टे दिसले तेव्हा पू झाला म्हणून घाबरलो नाही, ती जखमेवरची खपली हे माहीत होतं.

पण खरे आभार त्या रात्रीचे. खपली साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात सुटते तेव्हा रक्त येऊ शकतं, झोपेत सारखी गिळतेय असं वाटलं तर टॉर्च मारून बघा म्हणाला होतात. तर ती झोपेतच घोट घोट गिळत होती, बघितलं तर ताजं रक्त. लाल सरबत, लाल आईसक्रीम तुम्ही बंदच करायला लावलेलं त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. पुढे वाकवून बसवलं, गिळू नको थुंक म्हटलं, आणि थांबतंय का बघत न बसता तडक कॅज्युअल्टी गाठली. एक रात्र ऑब्झर्व्हेशनला ठेवलं, परत ऑपरेशन थिएटरात न्यावं लागलं नाही.

आता पोळीभाजी खातेय, बडबड सुरू झालीय. एक विनंती आहे, हे सगळं तुमच्या हाताने एका कागदावर लिहून द्याल का? चेकअपला येईन तेव्हा झेरॉक्स काढून आणते, वॉर्डातल्या प्रत्येक आईबाबांच्या हातात पडू दे.