वाण जिंकला की युरिया?

प्रिय दिनू,

उत्तराला उशीर झाला, हव्या तेवढ्या शिव्या घाल. तब्येत ठीक. खोकला आहे, जाईल.

‘हायब्रीडने जुन्या बाजरीला दीडपट मागं टाकलं’ असं लिहितोस, आणि खाली बारीक अक्षरात: हायब्रीडला खताचा पूर्ण डोस, जुनीला नुसतं शेणखत. अरे, मग जिंकलं कोण? त्या आकड्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आणि एवढ्यावर तू जुनं बियाणं मोडीत काढणार?

यंदा दोन्ही वाण दोन्ही पद्धतींनी लाव, पूर्ण डोस घालून आणि नुसत्या शेणखतावर. शेणखत सगळीकडे सारखं, पेरणी एकाच दिवशी, विरळणी 15 सेंमीवर. चार वाफ्यांची एक चौकडी, अशा तीन. क्रम चिठ्ठ्या टाकून. वाफ्यात 45 सेंमीवर चार ओळी, लांबी पाच मीटर. कडेची ओळ शेजारच्या वाफ्याचं खत खाते, म्हणून मधल्या दोनच कापायच्या, दोन्ही टोकांना अर्धा मीटर सोडून. उरलं 3.6 चौरस मीटर. त्यात किलोभर दाणा म्हणजे एकरी सव्वाअकरा क्विंटल. तेव्हा काट्यावर 100 ग्रॅम चुकलास की एकरी क्विंटलभर चुकलास. 18 टक्के ओलीचा किलो 12 टक्क्यांवर वाळला की 932 ग्रॅम भरतो; एकरी पाऊण क्विंटल नुसतं पाणी! तुझ्या काट्यावर माझा किती भरवसा आहे, ते कापसाच्या भांडणापासून तुला ठाऊकच आहे.

पूर्ण डोस मध्यम जमिनीला हेक्टरी 60:30:30 धर, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश किलोत. त्यासाठी एकरी पेरताना डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) 26 किलो, युरिया 16, पोटॅश 20. पंचवीस-तीस दिवसांनी खुरपणी करून, ओल बघून, आणखी युरिया 26. रान हलकं असेल तर 40:20:20 पुरे. खत बियाला चिकटू देऊ नकोस, उगवण मरते. दुसरा हप्ता लांबवलास तर पानं हिरवीगार होतील, पण फुटवे आणि कणसातले दाणे तोवर ठरून गेलेले असतात. जुनी उंच बाजरी जास्त नत्रावर माजते आणि वाऱ्यात लोळते, तेही टिपून ठेव. सरमाडाचंही (कडब्याचं) वजन घे; तिथं जुनी तुला लाजवेल.

फरक दोन्ही पद्धतींत सारखाच दिसला तर तो वाणाचा. पूर्ण डोसावरच दिसला, तर हायब्रीड फक्त खत घालायच्या रानातच घे. बियाणं मात्र या वाफ्यांतून धरू नकोस. बाजरीत पराग वाऱ्यावर फिरतो. जुनीत हायब्रीडची भेसळ होईल. ते लांबच्या तुकड्यात वेगळं राख.

सुमनवहिनींची बदली झाली म्हणे, बरं झालं. पोराचा निकाल कळव. आणि शेणखतावरचा आपला वाद मी सोडलेला नाही.

तुझा,
बाळू