गोल अडवणाऱ्यांचीही नावे छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या नागपूर आवृत्तीच्या क्रीडा पानावर स्थानिक फुटबॉल सामन्यांची बातमी येते, ती मी न चुकता वाचतो. बातमीचा साचा ठरलेला असतो. अमुक संघाने तमुक संघावर दोन-शून्य अशी मात केली, पहिला गोल याने केला, दुसरा त्याने. झाली बातमी. जिंकलेल्या संघाने गोल खाल्ला नाही, पण तो कोणामुळे खाल्ला नाही हे कुठेच नसते. मागे बचावात खेळलेल्या चौघांपैकी एकाचेही नाव नाही, आणि रेषेबाहेर घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या प्रशिक्षकाचे तर नाहीच नाही. ही नावे छापा, एवढीच माझी मागणी. ती का करतो हे सांगायला मात्र जरा जागा लागेल.

जानेवारी २०२४ मध्ये फ्रांझ बेकेनबाउअर गेले तेव्हा सगळ्याच पेपरांनी भरभरून लिहिले. १९७४ मध्ये कर्णधार म्हणून विश्वचषक, १९९० मध्ये प्रशिक्षक म्हणून विश्वचषक. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणारे आजवर तिघेच. त्यातले ब्राझीलचे झागालो बेकेनबाउअर यांच्या दोनच दिवस आधी गेले होते. झागालो आघाडीचे, फ्रान्सचे देशॉं मधल्या फळीतले, बचावातला एकटा बेकेनबाउअर. लेख वाचून बरे वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्याच वेळी मनात आले, की आपल्याकडचा याच वाटेने गेलेला माणूस आपल्या वाचकांना कधी कोणी नीट सांगितलाच नाही.

सय्यद नईमुद्दीन. जन्म १९४४, गाव हैदराबाद, म्हणजे आपल्याहून एका रात्रीच्या गाडीवर. रहीमसाहेबांच्या तालमीतला बचावपटू. तरुण वाचकांसाठी सांगतो, सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक नेला आणि त्यांच्याच हाताखाली भारताने १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण जिंकले. नईम याच शाळेतले. पुढे कोलकात्याला गेले, ईस्ट बंगालकडून खेळले, मोहन बागानकडूनही खेळले. तिथे या दोन्ही हाडवैरी क्लबांचे रंग अंगावर घालून दोन्हीकडे मान टिकवणे हे भल्याभल्यांना जमत नाही.

१९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते. उपांत्य फेरीत ब्रह्मदेशाने आपल्याला हरवले. कांस्यपदकासाठी समोर जपान, दोनच वर्षांपूर्वी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्य घेऊन आलेला. आपण तो सामना १-० ने जिंकला. आशियाई स्पर्धेतले पुरुष फुटबॉलमधले ते आपले शेवटचे पदक. त्यानंतर अर्धशतक उलटून गेले, पदक नाही. आता एक गोलाचा सामना म्हणजे काय असतो, ते बॅकला, म्हणजे बचावातल्या खेळाडूला विचारा. गोल करणारा गोल करून मोकळा होतो. त्यानंतरचा सगळा वेळ मागच्या लोकांच्या मानेवर बसलेला असतो. त्याच वर्षी नईम यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

खेळणे संपल्यावर ते शिकवायला लागले. १९९० मध्ये त्यांच्या हाताखाली ईस्ट बंगालने एकाच मोसमात आयएफए शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स हे तिन्ही चषक जिंकले. त्या वर्षीचा द्रोणाचार्य पुरस्कारही त्यांनाच. अर्जुन आणि द्रोणाचार्य एकाच घरात, हे आपल्या फुटबॉलमध्ये फार दुर्मीळ. १९९७ मध्ये काठमांडूला आणि २००५ मध्ये कराचीला भारताने दक्षिण आशियाई अजिंक्यपद जिंकले, दोन्ही वेळा प्रशिक्षक नईमच. मधल्या काळात ढाक्याच्या ब्रदर्स युनियनलाही त्यांनी लीग जिंकून दिली.

आणि मग फेब्रुवारी २००६. आशियाई चषकाची पात्रता फेरी, समोर पुन्हा जपान. निकाल ०-६. ज्या जपानला कर्णधार म्हणून एका गोलाने रोखून पदक आणले, त्याच जपानने छत्तीस वर्षांनी प्रशिक्षक म्हणून त्यांच्या पदरात सहा गोल घातले. पुढच्याच सामन्यात येमेनने आपल्याला आपल्याच मैदानावर ३-० ने हरवले आणि त्या वर्षी संघ इंग्लंडच्या बॉब हॉटन यांच्याकडे गेला. नईम यांची शिस्त फार कडक, जुन्या वळणाची, नव्या पोरांना ती जाचते, असे तेव्हाही बोलले जायचे. त्यात तथ्य असेलही. पण मधल्या छत्तीस वर्षांत जपानने स्वतःची व्यावसायिक लीग उभी केली, पोरे घडवली, प्रशिक्षक घडवले, आणि आपण एका माणसाला पुन्हा पुन्हा बोलावत राहिलो, जमले नाही की घरी पाठवत राहिलो. तो सहा गोलांचा हिशेब एकट्या नईम यांच्या नावावर मांडणे मला पटत नाही.

आता नागपूर. सामना बघायला गेलात तर एकदा गोलजाळीच्या मागे उभे राहून बघा. चेंडू पलीकडच्या अर्ध्यात असतो, सगळे मैदान तिकडे बघत असते, आणि स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध उभा असलेला खेळाडू, मात्र चेंडूकडे कमी आणि आपल्याच माणसांकडे जास्त बघत असतो. ‘चढ, चढ’, ‘लाइन पकड’, ‘पीछे आदमी है’. आपल्या मैदानावरची भाषा ही अशीच, घरी मराठी बोलणारा पोट्टाही तिथे हिंदीतच ओरडतो. समोरचा फॉरवर्ड अंगावर आला की चांगला स्टॉपर त्याच्यावर झेप घेत नाही. तो अंग तिरके करतो, एक पाय मागे ठेवतो आणि त्याला हळूहळू टचलाइनकडे नेतो, कारण तिथून गोल दिसतच नाही. पाय घालायचा तो समोरच्याचा चेंडू जरा लांब गेला की. बघणाऱ्याला वाटते, याने काहीच केले नाही. टाळी नाही, बातमीतही नाही.

हेच नव्वद मिनिटांचे काम पंधरा वर्षे केलेला माणूस प्रशिक्षक म्हणून तयारच असतो, असे माझे मत आहे. सगळा खेळ त्याने समोरून बघितलेला असतो आणि दुसऱ्याला जागेवर उभे करण्यातच त्याचे आयुष्य गेलेले असते. जकार्ताच्या सुवर्ण संघातले अरुण घोषही बचावातलेच, तेही पुढे भारताचे प्रशिक्षक झाले. आघाडीचे खेळाडू चांगले प्रशिक्षक होत नाहीत असे मी म्हणणार नाही, पी. के. बॅनर्जींचे नाव घेऊन कोणीही मला गप्प करील. पण स्ट्रायकरला पुष्कळदा आपण गोल कसा केला हे सांगता येत नाही. बॅकला तो का झाला हे सांगता येते.

आपल्या शहरात अशी माणसे आहेत. कामठीत रब्बानी क्लबसारख्या संघांनी पिढ्यान् पिढ्या खेळाडू दिले. रेल्वेत, पोलिसांत, सरकारी खात्यांत खेळाच्या कोट्यातून लागलेले कितीतरी बॅक आणि स्टॉपर आज टेबलावर फायली बघत निवृत्तीची वाट बघत आहेत. विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना चेंडू दिला, त्याची दखल बाहेरच्या जगाने घेतली, ते योग्यच झाले. पण मुलांच्या हाती चेंडू गेल्यावर त्यांना रोज संध्याकाळी उभे राहून शिकवणारा लागतो, आणि तो नुसत्या हौसेवर किती दिवस टिकणार? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षकांसाठी डी, सी, बी, ए असे परवान्यांचे टप्पे आहेत. त्यासाठी रजा लागते, पैसे लागतात, कधी दुसऱ्या गावी जाऊन राहावे लागते. चाळिशीतला कारकून घरी बायकोला काय सांगून जाणार? ‘तुला विचारतो कोण’, हे उत्तर त्याला घरातही मिळते आणि कचेरीतही.

माझ्या ओळखीत असे एक गृहस्थ आहेत. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. उत्तम लेफ्ट बॅक होते. आता सकाळी साडेपाचला स्वतःच्या स्कूटरवर जाळीभर चेंडू बांधून नेतात, पंचवीस-तीस पोरांना दीड तास पळवतात आणि दहाला कचेरीत हजर. त्यांची दोन पोरे लीग खेळतात. त्यातल्या एकाने मागे गोल केला तर आपल्या पेपरात नाव आले. पोराने कात्रण जपून ठेवले आहे. शिकवणाऱ्याचे नाव त्यात असते तर साहेबाने परवान्याच्या वर्गासाठी रजेचा अर्ज निदान वाचला असता, असे ते हसत हसत म्हणाले. मला ते हसण्यावारी नेण्यासारखे वाटले नाही. आपल्याकडे छापून आलेल्या नावाला अजून वजन आहे, साहेब. क्लबाच्या पत्रापेक्षा कात्रण पुढे सरकते.

म्हणून पुन्हा विनंती. सामन्याच्या बातमीत दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांची नावे द्या. संघाने गोल खाल्ला नसेल तर गोलकीपर आणि मागच्या चौघांची नावे द्या. फार तर दोन ओळी वाढतील. परदेशातल्या खेळाडूंच्या बदल्यांचे आकडे एखाद्या दिवशी कमी छापले तर माझ्यासारख्या वाचकाची तरी काही तक्रार नसेल. आणि जमल्यास आपल्या वार्ताहराला एकदा सामन्याच्या दिवशी नव्हे, सरावाच्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर पाठवा. नावे त्याला तिथेच मिळतील.

कळावे,
आपला,
एक जुना राइट बॅक
नागपूर