बाईंशी बोलायची नोकरी

एडिसन, न्यू जर्सी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "मुलांसाठी नेमलंय ना तुला, मग दिवसभर बाईंशी काय बोलत बसतेस?" तेव्हा पाहुणे आले आणि उत्तर राहून गेलं. आज शाळेला सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढलंय.

शाळेची मानसतज्ज्ञ म्हणून मुलांच्या चाचण्या घेणं हे माझं काम आहेच. १९७५ च्या कायद्यापासून इथे अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिकवणं सरकारी शाळेला बंधनकारक आहे, आणि ती गरज ठरवायला तपासणी लागते. पण एका मुलाची तपासणी, अहवाल, बैठका यांत आठवडेच्या आठवडे जातात. तेवढ्या वेळात मूल रोज वर्गात बसलेलं असतंच, आणि त्याच्यासमोर त्याच्या बाई असतात, मी नव्हे.

परवाचीच गोष्ट सांगते. मुलाचं नाव सांगता येत नाही, तू त्याला बाळू म्हण. तिसरीतला. त्याच्या बाई वैतागून आल्या. गणिताच्या तासाला हा सारखा पेन्सिलीला टोक करायला उठतो, याची तपासणी करा, म्हणाल्या. मी विचारलं, "तो कधी उठत नाही?" त्या म्हणाल्या, हे काही बघितलं नाही. मग आम्ही एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा केला. तो उठला की एक रेघ, आणि शेजारी दोनच शब्द: उठण्याआधी काय चाललं होतं आणि उठल्यावर काय झालं. पुठ्ठा बाईंच्या खिशात, आठवडाभर.

शुक्रवारी ऑफ तासाला दोघी तो घेऊन बसलो. तोंडी गणितात एकही रेघ नाही. फळ्यावरच्या गणितातही नाही. सगळ्या रेघा चोवीस वजाबाक्यांचा छापील कागद हातात पडला की सुरू व्हायच्या. हा फिरत राहायचा, घंटा व्हायची, आणि कागद सुटायचा. माझ्या डोक्यात बक्षिसाचा तक्ता होता. पण बाईच म्हणाल्या, "कागद कापला तर?" त्यांनी त्याच्या चार पट्ट्या केल्या, पट्टीवर सहा गणितं. एक पट्टी झाली की बाळूने उठायचं, टेबलाशी येऊन ती द्यायची आणि पुढची न्यायची. म्हणजे उठणं चालूच राहिलं, पण आता ते कामासाठी! तिसऱ्या आठवड्यात त्याने चारही पट्ट्या पुऱ्या केल्या. तपासणी सध्या तरी बाजूला ठेवलीय.

ही युक्ती मला सुचली नव्हती, आई. माझ्या पहिल्या वर्षी मी एका बाईंना सहा पानी अहवाल दिला होता, बारा सूचनांचा. दोन महिन्यांनी तो त्यांच्या खणात जसाच्या तसा सापडला. तीस मुलं सांभाळणाऱ्या बाईला मी बारा नवी कामं लावली होती आणि तिला एक शब्दही विचारला नव्हता. त्या मुलाचे दोन महिने वाया गेले, ते मला अजून लागतं.

मुलाऐवजी त्याला सांभाळणाऱ्याशी बोलायच्या या पद्धतीची सुरुवात शाळेबाहेर झाली. १९४८ नंतर इस्राएलमध्ये नव्याने आलेल्या सुमारे १६,००० मुलांची जबाबदारी जेराल्ड कॅप्लन या मनोविकारतज्ज्ञावर आणि त्याच्या हाताखालच्या मूठभर लोकांवर होती. मुलं शंभरावर वसतिगृहांत विखुरलेली. एकेक मूल तपासून ते कधीच पुरं झालं नसतं. म्हणून ते वसतिगृहांत जाऊन मुलांना सांभाळणाऱ्या माणसांशीच बोलू लागले. कॅप्लनने १९७० च्या पुस्तकात लिहिलं की सांभाळणारा माणूस चार कारणांनी अडतो: माहिती कमी पडते, हातोटी कमी पडते, स्वतःवरचा विश्वास डळमळतो, किंवा त्या मुलात जीव इतका गुंततो की नीट दिसेनासं होतं. आणि सल्ला घ्यायचा की नाही, हे त्या माणसाने ठरवायचं. आम्ही बाईंचे साहेब नव्हे. तपासणीला येणारे अधिकारी तर नव्हेच.

ते चौथं कारण वाचलं तेव्हा तू आठवलीस. तुझी ती द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, दुसरे गुरुजी बहुतेक वेळा मीटिंगला नाहीतर जनगणनेला. तुझ्या वर्गातली ती एक पोर शाळेत यायची बंद झाली तेव्हा तू रात्री तांदूळ निवडता निवडता बाबांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचीस, माझंच काहीतरी चुकलं. बाबा ऐकायचे, पण ते वर्गात कुठे होते? तुझ्या शेजारी बसून "काय काय झालं, पहिल्यापासून सांगा बाई" म्हणणारं कुणीतरी हवं होतं. माझी नोकरी तेवढीच आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते.

इथेही माणसं अपुरीच. आमची राष्ट्रीय संघटना ५०० मुलांमागे एक मानसतज्ज्ञ असावा म्हणते, देशाची सरासरी मात्र हजाराच्या वर आहे.

जूनअखेर येतेय. तोवर माळ्यावरच्या तुझ्या टाचणवह्या काढून ठेव, रद्दीत देऊ नकोस. समासात तू पेन्सिलीने लिहायचीस ना, "सोमवारी पेंगतो, रविवारी बापाबरोबर बाजार" असं? त्या सगळ्या नोंदी मला तुझ्याशेजारी बसून वाचायच्या आहेत.

बाबांना सा. न. सांग. गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
शमा