शनिवारी ट्रक थांबवा, पण थांबायला जागा द्या

महोदय,
सुट्ट्या जोडून आल्या की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अवजड वाहनांना काही तास बंदी घालतात. मी फलटणचा. बावीस वर्षं ट्रक चालवतोय, लोणंदचा कांदा वाशीला नेतो. घाटात पर्यटकांच्या गाड्या अडकतात, त्यात आमच्या लोकांचीही चूक आहे हे आधी कबूल करतो. भरलेला ट्रक बोरघाट चढताना दुसऱ्या गिअरवर रांगतो, तरी शेजारच्या ट्रकला ओलांडायला मधली लेन धरायची, ही खोड मोडलीच पाहिजे.

पण बंदी म्हणजे नेमकं काय, ते आमच्याकडून ऐका. मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी पहाटे तळेगावच्या अलीकडे आम्हाला बाजूला घेतलं. शंभरेक गाड्या कडेला, एकामागे एक. संडास नाही, प्यायला पाणी नाही. क्लीनर पोरगं डबक्यातून उड्या मारत चहा शोधत फिरलं. ताडपत्रीखाली कांद्याला वाफ धरली. सोडलं दुपारी एकला. वाशीला पोचलो तेव्हा लिलाव उरकले होते, रविवारी बाजार बंद, गोण्या खालून ओलावल्या. भाडं कापलं गेलं ते माझंच.

बंदीच्या वेळा दोन दिवस आधी कळवा, म्हणजे आम्ही लोणंदहूनच उशिरा निघू. नाशवंत मालाच्या गाड्या बंदीतून सोडा. सिमेंट-सळईला सहा तासांनी काही होत नाही.

– एक ट्रकचालक, फलटण