देवराई राखणाऱ्यांचा हक्क

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामानबदलाची झळ सोसणाऱ्यांना न्याय देण्याच्या, म्हणजे हवामान-न्यायाच्या, चर्चेत कार्बनचे टन आणि भरपाईचे डॉलर मोजले जातात. पण ज्यांचे दैवतच नदीत, समुद्रात किंवा झाडाच्या पानात वसते, त्यांचे नदी नासल्यावर काय जाते, याची नोंद त्या हिशेबात क्वचितच होते. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकी लोकांनी ब्राझीलमध्ये कांदोंब्ले, क्युबात सान्तेरिया आणि हैतीत व्हूडू या परंपरा छळ सोसून जपल्या. ‘पान नाही, तर ओरिशा नाही,’ असे पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांचे वचन आहे. ओरिशा म्हणजे दैवत. पूजेची आणि औषधाची पाने देणारे रान तुटले की विधी खुंटतो आणि ती पाने ओळखणाऱ्यांची विद्याही पुढच्या पिढीकडे जात नाही.

नायजेरियातील ओशोग्बो येथे ओशुन देवीची सुमारे ७५ हेक्टरांची देवराई आहे. २००५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मात्र तिच्यातून वाहणारी ओशुन नदी वरच्या अंगाच्या सोन्याच्या खाणकामामुळे दूषित झाली असून, भाविक जे पाणी तीर्थ म्हणून पितात ते पिऊ नका, असे राज्य सरकारला सांगावे लागले. एवढा मोठा दर्जा मिळूनही देवीची नदी राखता आली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

ब्राझीलच्या बाहिया राज्यात कांदोंब्लेच्या देवस्थानांना १९७६पर्यंत पोलिसांकडे नोंद करावी लागे. पळून गेलेल्या गुलामांच्या वंशजांच्या वस्त्यांना, म्हणजे किलोंबोंना, १९८८च्या राज्यघटनेने जमिनीचा हक्क दिला. तरी अनेक वस्त्या आजही मालकीपत्राची वाट पाहत आहेत. अशाच एका किलोंबोच्या नेत्या आणि कांदोंब्लेच्या पुजारीण बर्नादेते पासिफिको यांची १७ ऑगस्ट २०२३ रोजी गोळ्या झाडून हत्या झाली. जमीन राखणे आणि धर्म राखणे ही त्यांच्यासाठी दोन वेगळी कामे नव्हती.

समुद्रात वाहिलेल्या नैवेद्याने प्रदूषण होते, असा आक्षेप या समाजांवर घेतला जातो. त्याचा विचार त्यांनी स्वतःच केला आहे : बाहियाची राजधानी साल्व्हादोर येथील कांदोंब्लेच्या ज्येष्ठ पुजारीण स्टेला दे ओशोसी यांनी २०१६ साली, आपल्या देवस्थानातर्फे समुद्राची देवी येमान्जा हिला वस्तू न वाहता गीते अर्पण करावीत, असे ठरवले. बाहेरच्या कोणी त्यांना निसर्गप्रेम शिकवण्याची गरज नाही.

म्हणून हवामान निधीतून या समाजांना केवळ मदत देऊन भागणार नाही. किलोंबोंना मालकीपत्रे द्यावीत, देवस्थानांभोवतीचे रान आणि पाणी यांना कायद्याचे संरक्षण असावे, आणि ओशुन नदीच्या उगमाकडे खाणीचा परवाना देण्यापूर्वी देवराईच्या पुजाऱ्यांची संमती बंधनकारक करावी. त्यांनी नकार दिला, तर तो परवाना मिळता कामा नये.

आपला,
एक वाचक